जुना संगणक आणि आज्ञांची भाषा

रायपूरमधील बुढापारा ही बुढातलावाच्या काठची जुनी वस्ती. तेथील एका शाळेला माधवराव सप्रे यांचे नाव आहे. मराठीभाषक असलेल्या सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. अशा वस्तीतील एखाद्या घरात वा वाचनालयात कापडाखाली झाकून ठेवलेला दहा-बारा वर्षांचा संगणक आढळला, तर त्यात नवल नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली इतक्या जुन्या यंत्रांना सहसा स्वीकारीत नाही. यंत्र बिघडलेले नसते. प्रणालीच्या मागण्या वाढलेल्या असतात. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिला. तो कोणीही घ्यावा, बदलावा आणि वाटावा, अशी मोकळीक असल्याने त्याच्याभोवती अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. अशाच मोकळिकीत वाढलेल्या ‘केडीई’ या दर्शनी रूपाचा छत्तीसगढीतही अनुवाद झाला. त्यासाठी कोणा कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागली नाही.

मात्र लिनक्स म्हणजे आपोआप हलके, ही समजूत खरी नव्हे. दोन जीबी स्मृतीच्या यंत्रावर ‘एक्सएफसीई’ किंवा ‘एलएक्सक्यूटी’ यांसारखे साधे रूपच निवडावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटी संगणकांसाठी स्थापना-संच दिलेला नाही. म्हणून प्रथम पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी; तोवर मूळ डिस्कला हात लावावा लागत नाही.

येथेच टर्मिनल उपयोगी पडते. काळ्या पडद्यावर शब्द टंकून यंत्राला आज्ञा द्यावयाची, ही रीत चित्रांच्या पडद्यापेक्षा कितीतरी कमी स्मृती खाते. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा प्रोसेसर ६४ बिटी आहे की नाही ते सांगते. ‘फ्री’ स्मृतीचा हिशेब देते. त्यातील ‘फ्री’ याच नावाचा रकाना पाहून मात्र घाबरू नये. रिकामी स्मृती लिनक्स तात्पुरत्या साठ्यासाठी वापरीत असते; खरा अंदाज ‘अव्हेलेबल’ या रकान्यावरून येतो. ‘डीएफ’ डिस्कवरील जागा दाखविते. स्मृती पुरेशी असूनही यंत्र रेंगाळत असेल, तर जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविल्याने बहुधा सर्वांत मोठा फरक पडतो. आजची संकेतस्थळेच इतकी जड झाली आहेत की एक जीबीच्या यंत्राकडून ब्राउझरची फार अपेक्षा धरू नये. लेखन, टिपणे व हिशेब यांसाठी ते पुरेसे आहे.

अक्षरांशी ज्यांचे नाते आहे, त्यांना ‘डब्ल्यूसी’ ही मोजणीची आज्ञा विशेष आवडेल. एका फाइलीत केवळ ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. ‘एम’चा जोड दिल्यास ही आज्ञा पाच सांगते, कारण काना आणि वेलांटी तिच्या लेखी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘सी’चा जोड दिल्यास पंधरा सांगते, कारण युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. (ओळ बदलण्याचे अदृश्य चिन्ह असल्यास दोन्हींत एकाची भर पडते.) मानधन ‘अक्षरां’वर ठरणार असेल, तर कोणती मोजणी धरली आहे हे अनुवादकाने अवश्य विचारावे!

‘ग्रेप’ ही आज्ञा एखादा शब्द असलेल्या ओळी वेचून काढते. तिच्यापुढे उभी रेघ ओढून ‘डब्ल्यूसी’ लिहिले की वेचलेल्या ओळी थेट मोजणीस जातात. ही जोडणी युनिक्समध्ये १९७३ साली आली. ‘आरएम’ मात्र जपून वापरावी. तिने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. तो मध्येच थांबवून तीच आज्ञा आपल्या यंत्रावर देऊन पाहावयाची, अशी त्यांची पद्धत आहे.