निर्लेखित राक्षस

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ ही जपानी मालिका लागत असे. मनगटी घड्याळात बोलून अजस्र यंत्रमानवाला बोलावणारा तो छोटा मुलगा आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या पुष्कळ वाचकांना आठवत असेल. राक्षस आला, की खेळण्यातल्यासारख्या इमारती कोसळत आणि घरातले कुणीतरी मोठे माणूस हसून सांगे, ‘‘अरे, आत माणूस आहे!’’

गंमत अशी, की जपानात आज अशा राक्षसांचे मूळ पोशाख, मुखवटे आणि चिमुकली शहरे पाहायला लोक तिकीट काढून जातात. आत माणूस होता, हेच तर त्यांना पाहायचे असते!

या राक्षसांचे घराणे शोधू लागलो, तर आपण एजी त्सुबुराया या गृहस्थांपाशी पोहोचतो. जन्म १९०१ चा, फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावाचा. १९५४ च्या ‘गोडझिला’तील सारी दृश्यकरामत त्यांची. १९६३ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि १९६६ च्या जानेवारीत ‘अल्ट्रा क्यू’, तर जुलैत ‘अल्ट्रामॅन’ या मालिका घरोघरी नेल्या. आता दर आठवड्याला नवा राक्षस आणायचा कुठून? मग काटकसर आली. १९६५ च्या एका चित्रपटातला बारागॉन नावाचा राक्षस ‘अल्ट्रा क्यू’मध्ये पागोस झाला. तोच पोशाख पुढे ‘अल्ट्रामॅन’मध्ये नेरोंगा, मागुलर आणि गाबोरा या नावांनी वावरला. खुद्द गोडझिलाच्या गळ्यात झालर घालून जिरास उभा केला. थोरल्याचा सदरा उसवून धाकट्याला बेतावा, तसाच हा संसार.

पण काटकसर म्हणजे बेफिकिरी नव्हे. राक्षसांची रेखाटने करणारे तोरू नारिता शिल्पकार होते, तर पोशाख घडवणारे र्‍योसाकू ताकायामा चित्रकार. नेरोंगा आणि जिरासच्या पोटात घाम गाळणारे हारुओ नाकाजिमा हे मूळ गोडझिलाच्या आतही होते.

माझे नोकरीचे आयुष्य बँकेत गेले. तिथे डेडस्टॉक रजिस्टर नावाची एक वही असते. टेबल, खुर्ची, कपाट यांवर दरवर्षी घसारा लावत जायचा. किंमत एक रुपयावर आली, की ती वस्तू निर्लेखित करायला आपण मोकळे. या राक्षसांचेही तेच झाले. चित्रीकरण संपले, की पोशाख मुलांच्या कार्यक्रमांत नाचवायचे, आणि फाटले की टाकून द्यायचे. हिशेबाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. शिवाय ते रबरी कातडे! ऊन, हवा आणि घाम यांनी रबर कडक होते, तडकते, शेवटी त्याचा भुगा होतो. म्हणूनच साठच्या दशकातला अस्सल पोशाख आज अतिशय दुर्मीळ आहे. नारितांची कागदावरची रेखाटने मात्र आओमोरीच्या कलासंग्रहालयात आहेत. रबरापेक्षा कागद चिवट निघाला.

संगणकाने चित्रे रचता येऊ लागल्यावर उरलेसुरले सामानही अडगळ ठरू लागले. तेव्हा हिदेआकी आन्नो हा दिग्दर्शक पुढे सरसावला. जन्म १९६० चा, म्हणजे माझ्याच पिढीचा. २०१२ साली टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयात त्याने अशा वस्तूंचे मोठे प्रदर्शन मांडले. पुढे ते इतर शहरांतही गेले. २०११ च्या भूकंपाचा तडाखा सोसलेल्या सुकागावात नोव्हेंबर २०२० मध्ये या वस्तूंचे जतनकेंद्र उघडले. आपल्या गावच्या माणसाचा वारसा त्या गावाने असा पदरात घेतला.

खरा पेच यापुढे आहे. तडकलेला मुखवटा नव्यासारखा करायचा, की आहे तसा ठेवायचा? अल्ट्रामॅनच्या पहिल्या मुखवट्याच्या तोंडाभोवती सुरकुत्या दिसतात. बोलताना त्याचे ओठ हलावेत म्हणून तो भाग मऊ रबराचा केला होता. तो बेत सोडून द्यावा लागला, पण सुरकुत्या राहिल्या. पुढचे मुखवटे कडक आणि गुळगुळीत झाले. उद्या एखाद्या हौशी कारागिराने त्या सुरकुत्याही गुळगुळीत केल्या, तर वस्तू देखणी होईल, पण घडवणाऱ्यांची धडपड पुसली जाईल. माझे मत विचाराल तर वस्तू आणखी झिजणार नाही एवढी काळजी घ्यावी, बाकी तिचे वय तिच्यापाशी राहू द्यावे. हुबेहूब पाहायची हौस असणाऱ्यांसाठी शेजारी प्रतिकृती ठेवावी, आणि ती प्रतिकृती आहे असे स्पष्ट लिहावे.

घडवणारे हात एकेक करून थांबत आहेत. त्सुबुराया १९७० मध्ये गेले, ताकायामा १९८२ मध्ये, नारिता २००२ मध्ये आणि नाकाजिमा २०१७ मध्ये. कुठे टाका घातला, कुठून श्वास घेतला, हे सांगणारे आता फार थोडे उरले. यापुढे ते त्या रबराच्या शिवणीलाच विचारावे लागेल. तिची जागा डेडस्टॉक रजिस्टरात नाही, हे एखाद्याला वेळेवर सुचावे लागते.