अपत्याला काय द्यायचं नाही

आज एक्झेकवर, म्हणजे चालू प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवणाऱ्या सिस्टिम कॉलवर, लिहायचं ठरलं होतं. पण एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो नेमका माझ्या आवडीच्या विषयावरचा निघाला. फोर्कमध्ये, म्हणजे एक प्रोसेस आपल्यासारखीच दुसरी काढते तेव्हा, पालक प्रोसेसची सगळी मेमरी अपत्याला मिळते. म्हणजे रँडम आकडे तयार करणाऱ्या लायब्ररीने मेमरीत जपलेलं बीजही मिळणार. मग दोघांकडून तेच आकडे बाहेर पडणार नाहीत का?

पडतात, आणि त्या आकड्यांवरून गुप्त किल्ल्या बनत असतील तर दोघांच्या किल्ल्याही सारख्याच निघतात.

यावरचा जुना उपाय असा: लायब्ररीने आपला पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, लिहून ठेवायचा आणि दर वेळी तपासायचा. बदललेला दिसला की कर्नलकडून नवं बीज घ्यायचं. 2014 च्या जुलैत लिब्रेएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीची लिनक्सवर चालणारी पहिली आवृत्ती आली, तिच्यात हीच तपासणी होती. अँड्र्यू एअर यांनी तिच्यातली फट दाखवली. समजा पालकाचा पीआयडी 2735. तो रँडम आकडे घेतो, फोर्क करतो आणि संपतो. त्याचं अपत्य स्वतः एकही आकडा न घेता फोर्क करत राहतं. पीआयडी संपले की कर्नल पुन्हा खालपासून वाटू लागतो आणि कधीतरी एका नातवाला 2735 मिळतो. लायब्ररी पाहते, लिहिलेला पीआयडी आणि आताचा एकच. झालं, आजोबांचेच आकडे नातू पुन्हा देतो!

फोर्क झाला की नाही हे प्रोसेसने अंदाजाने ओळखायचंच कशाला? तो करणारा कर्नल, त्यालाच आधी सांगून ठेवावं. ही कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठात 1980 च्या दशकात घडलेल्या माक कर्नलमध्ये होती. तिथे मेमरीच्या प्रत्येक पट्ट्याला वारसा ठरवून देता येई: अपत्याबरोबर सामायिक, त्याला प्रत, किंवा काहीच नाही. बीएसडी घराण्यात हेच मिनहेरिट या सिस्टिम कॉलच्या रूपाने आलं. ओपनबीएसडीने 2014 मध्येच त्यात चौथा पर्याय घातला: अपत्याला तो पट्टा मिळेल, पण शून्यांनी भरलेला. मला हा पर्याय सगळ्यांत देखणा वाटतो. ‘काहीच नाही’ म्हटलं तर अपत्य तिथे वाचायला गेलं की कोसळतं. शून्य दिसलं, तर लायब्ररीला कळतं की बीज नव्याने घ्यायचं आहे. पीआयडीकडे बघायची गरजच उरत नाही.

लिनक्सवर तेव्हा याच्या तोडीचं काही नव्हतं. मेमरीच्या वापराबद्दल कर्नलला सूचना देणाऱ्या मॅडव्हाइज या सिस्टिम कॉलमधला डोंटफोर्क 2006 पासून होता, पण त्याचं कारण वेगळं. इन्फिनिबँडसारखं नेटवर्क कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट एखाद्या भौतिक पानावर लिहीत असतं. फोर्कनंतर दोघे तेच पान वापरतात आणि कुणी लिहिलं की मगच त्याची प्रत निघते; हे कॉपी-ऑन-राइट. पालकाने त्या पानावर आधी लिहिलं, तर नवी प्रत पालकाच्या वाट्याला येते. कार्ड मात्र जुन्याच पानावर लिहीत राहतं आणि पालक आपल्या पानावर माहितीची वाट बघत बसतो. म्हणून ते पान अपत्याला द्यायचंच नाही.

शून्याचा पर्याय लिनक्सला 2017 च्या नोव्हेंबरात, 4.14 मध्ये मिळाला: वाइपऑनफोर्क. तो फक्त खासगी, कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या मेमरीवर चालतो. ही खूण अपत्याकडेही टिकते, त्यामुळे त्याने पुढे फोर्क केला तर नातवालाही शून्यच मिळतं. ती पुसली जाते एक्झेकच्या वेळी. त्या एक्झेकबद्दल आता पुढच्या आठवड्यात.