जोडविमानप्रवास : सुटी तिकिटे की एकसंध भाडे? वैजापूर परिसरातील प्रवाशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वैजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून परदेशप्रवास करणे ही आता अपूर्वाईची बाब राहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध वाचण्यासाठी जाणारे प्राध्यापक, अमेरिकेतील मुला-मुलींकडे निघालेले आईवडील आणि आखाती देशांत नोकरीनिमित्त जाणारे तंत्रज्ञ या सर्वांना मात्र एक अडचण समान आहे. छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ असो किंवा १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेले शिर्डीजवळील काकडीचे विमानतळ असो, तेथून थेट परदेशी जाता येत नाही. मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद येथे विमान बदलावे लागते. अशा वेळी देशांतर्गत टप्प्याचे तिकीट वेगळे व परदेशी टप्प्याचे वेगळे घ्यावे, की दोन्ही टप्पे एकाच भाड्यात बसवावेत, हा प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या पडद्यावर तो केवळ रकमेच्या फरकाचा दिसतो. वस्तुतः तो कराराचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

तिकीट म्हणजे करार :

विमानाचे तिकीट हा प्रवासी व वाहक कंपनी यांच्यातील वाहतुकीचा करार होय. चिकलठाणा ते मुंबई आणि मुंबई ते लंडन हे दोन टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर कंपनीने प्रवाशाला लंडनपर्यंत पोहोचविण्याची हमी घेतलेली असते. पहिल्या विमानास विलंब होऊन दुसरे विमान चुकले, तर पुढील उपलब्ध विमानात जागा देणे हे तिचे काम ठरते. सुट्या तिकिटांच्या बाबतीत पहिल्या कंपनीचा करार मुंबईत संपतो. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी केवळ 'अनुपस्थित' असतो. तो कोणत्या कारणाने आला नाही, याच्याशी तिचा संबंध राहत नाही. पुष्कळदा त्याचे परतीचे तिकीटही त्याच अनुपस्थितीमुळे रद्द होते.

आपल्याकडे पीएनआर क्रमांक एकच असला म्हणजे तिकीट एकच, असा समज सर्रास आढळतो. तो योग्य नाही. पीएनआर ही आरक्षणाची नोंद आहे. एका नोंदीखाली दोन स्वतंत्र तिकिटे असू शकतात. खरी खूण आहे ती तेरा अंकी तिकीट क्रमांकाची. त्यातील पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. उदाहरणार्थ, एअर इंडियाचे ०९८. एका क्रमांकाखाली चार टप्पे मावतात आणि प्रवास त्याहून लांब असल्यास जोडक्रमांक दिले जातात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला 'तिकीट क्रमांक एक की दोन?' एवढे विचारणे पुरेसे ठरते.

रेल्वेचा दाखला :

वैजापूरकरांना हा विषय रोटेगाव स्थानकाच्या अनुभवावरून अधिक सहज समजू शकेल. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे दर किलोमीटरला कमी होत जाते. त्यामुळे मनमाडपर्यंत एक व तेथून पुढे दुसरे, अशी दोन तिकिटे काढण्यापेक्षा थेट तिकीट सामान्यतः स्वस्त पडते. जोडगाडी चुकल्यास काय, हा प्रश्नही रेल्वेने काही अंशी सोडविला आहे. १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर परस्परांशी जोडता येतात. पहिल्या गाडीच्या विलंबामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे कपातीशिवाय परत मिळतात. विमानप्रवासात दोन स्वतंत्र कंपन्यांची तिकिटे अशी मागाहून जोडण्याची सर्वसाधारण सोय नाही.

भाड्याचे गणित :

मग सुटी तिकिटे स्वस्त का मिळतात? विमानाचे भाडे अंतरावर ठरत नाही. कंपनी आरंभस्थान व अंतिम स्थान यांची जोडी विचारात घेते आणि त्या जोडीवर स्पर्धा किती आहे ते पाहून दर लावते. मुंबई–लंडन मार्गावर अनेक कंपन्यांची चढाओढ असते. छत्रपती संभाजीनगर–लंडन या जोडीवर ती फारशी नसते. शिवाय एकसंध तिकीट देण्यासाठी दोन कंपन्यांमध्ये परस्परांची तिकिटे व सामान स्वीकारण्याचा करार असावा लागतो. असे करार करण्यासाठी खर्च येतो, म्हणून स्वस्त दराच्या अनेक कंपन्या त्यांपासून दूर राहतात किंवा मोजकेच करार करतात. सुट्या तिकिटांतील बचत ही अशी खरी बचत असते. ती फसवणूक नव्हे. मात्र त्या बचतीच्या बदल्यात जोडणी चुकण्याची जोखीम कंपनीकडून प्रवाशाकडे आलेली असते, हे किमतीच्या रकान्यात कोठेही लिहिलेले नसते.

सामान, इमिग्रेशन आणि व्हिसा :

अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या सामानाचे उदाहरण घेऊ. त्या मार्गावर सर्वसाधारणपणे प्रत्येकी २३ किलोच्या एक-दोन बॅगा नेता येतात, आणि त्यात भाजणी, पापड, गोडा मसाला यांना सन्मानाची जागा असते! एकसंध तिकिटावर ही मर्यादा बहुधा चिकलठाण्यापासूनच लागू होते व जाताना सामान थेट अंतिम ठिकाणापर्यंत पाठविता येते. सुट्या देशांतर्गत तिकिटावर मात्र सामान्यतः १५ किलोच मोफत असतात. उरलेल्या वजनाचे पैसे भरताना तिकिटात वाचविलेली रक्कम बरीचशी तेथेच खर्ची पडते. परतीच्या वेळी भारतातील पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन व सीमाशुल्क तपासणी होत असल्याने एकसंध तिकीट असूनही बहुधा सामान ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

याहून गंभीर बाब व्हिसाची आहे. परदेशातच विमान बदलायचे असेल आणि तिकिटे सुटी असतील, तर सामान घेण्यासाठी त्या देशाच्या हद्दीत प्रवेश करावा लागतो. भारतीय पारपत्रधारकाला त्यासाठी अनेक देशांचा व्हिसा लागतो. तो नसल्यास पहिलीच कंपनी भारतातील विमानतळावर प्रवाशाला विमानात बसू देत नाही. परिषदेला निघालेल्या प्राध्यापकांच्या बाबतीत असे घडल्यास निबंधवाचन तर राहतेच, पण प्रवासच न झाल्याने अनुदानाच्या प्रतिपूर्तीचा प्रश्नही उद्भवतो.

मुंबईतील अंतर :

मुंबईचे पहिले टर्मिनल सांताक्रूझला व दुसरे सहारला आहे. देशांतर्गत विमान पहिल्यावर उतरले, तर आंतरराष्ट्रीय विमानासाठी रस्त्याने सहार गाठावे लागते. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. 'मुंबई' म्हणून घेतलेले सुटे तिकीट नवी मुंबईचे निघाले आणि पुढील विमान सहारचे असले, तर मध्ये खाडी आणि महानगराची वाहतूक उभी राहते. एकसंध तिकिटात किमान जोडवेळ पाळल्याशिवाय आरक्षणच होत नाही. सुट्या तिकिटांत ही दक्षता प्रवाशालाच घ्यावी लागते. हैदराबादला एकच टर्मिनल असल्याने ही अडचण तेथे उद्भवत नाही. आमच्या मते मराठवाड्यातील प्रवाशांनी या पर्यायाचा अधिक विचार करावयास हवा.

नुकसानभरपाईचा कायदा :

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये विलंब, रद्दीकरण व प्रवेशनकार यांविषयीचे नियम लागू केले व पुढे त्यांत सुधारणा केल्या. जोडविमान चुकल्यास ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंतच्या भरपाईची तरतूद त्यांत आहे (मूळ एकेरी भाडे व इंधन आकार यांची बेरीज कमी असल्यास तेवढीच). परंतु तेथे स्पष्ट अट आहे की, जोडविमान त्याच तिकीट क्रमांकावर आरक्षित असले पाहिजे. धुके, संप यांसारख्या कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील कारणांसाठी भरपाई नाही.

आंतरराष्ट्रीय प्रवासास १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारतात तो ३० जून २००९ पासून अमलात आला. त्याच्या पहिल्या अनुच्छेदानुसार एकापाठोपाठ अनेक वाहकांनी केलेली वाहतूक, उभय पक्षांनी ती एकच मानली असेल तर, एकच समजली जाते. मग करार एक असो की करारांची मालिका असो. म्हणजे दोन तिकिटे असली की दावा संपला, असे नाही. तथापि प्रवाशाने स्वतःच दोन ठिकाणांहून तिकिटे घेतली आणि पहिल्या कंपनीला दुसऱ्या टप्प्याची माहितीच नसली, तर 'उभय पक्षांनी' हा शब्दप्रयोग त्याच्या विरुद्ध जातो. युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये असा निर्णय दिला की, परस्परांशी संबंध नसलेल्या कंपन्यांची विमाने प्रवास संस्थेने एकत्र करून एकूण किंमत आकारली व एकच तिकीट दिले असेल, तर तो जोडप्रवासच होय. तेथेही निर्णायक ठरले ते एकच तिकीट.

याला छेद देणारा एक भारतीय निर्णय उल्लेखनीय आहे. २०१६ मध्ये अजमेर–जम्मू एक्सप्रेस सुमारे चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे जम्मू–श्रीनगर विमान चुकले. रेल्वे व विमान यांचे करार सर्वस्वी भिन्न होते. तरीही ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश कायम ठेवला, कारण विलंबाचे समर्थनीय कारण रेल्वेने पुराव्यानिशी दिले नव्हते. सेवेतील त्रुटीच्या आधारे दाद मागण्याचा मार्ग सुट्या तिकिटांच्या प्रवाशाला त्यामुळे पूर्णतः बंद नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. वैजापूरच्या प्रवाशाला मुंबई-दिल्लीला खेटे घालण्याचे कारण नाही. परंतु त्या कुटुंबाला अंतिम निर्णयासाठी पाच वर्षे थांबावे लागले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

एकसंध तिकिटाची अडचण :

एकसंध तिकीट सर्वथा निर्दोष आहे असे मात्र नव्हे. त्यातील टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. चिकलठाण्याचे विमान सोडून समृद्धी महामार्गाने थेट मुंबई गाठली व तेथून पुढे जाऊ असे म्हटले, तर पहिला टप्पा न वापरल्यामुळे पुढील सर्व टप्पे रद्द होऊ शकतात. ५ जून २०२५ रोजी हा महामार्ग इगतपुरी–आमणे टप्प्यासह पूर्ण झाल्यापासून तालुक्यातील प्रवाशाला हा मोह होणे स्वाभाविक आहे. ज्याला रस्त्याने वा रेल्वेनेच मुंबईला जावयाचे आहे, त्याने मुंबईपासूनचे तिकीट घेणे उचित होय. तसेच मुंबईत नातलगांकडे एक-दोन दिवस मुक्काम ठरलेला असेल, तर सुट्या तिकिटांतील जोखीम जवळजवळ नाहीशी होते आणि बचत तेवढी उरते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची देशभरातील उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली. एका दिवशी तर ती हजाराच्या वर गेली. आधीच मुंबईत मुक्कामी असलेल्या परदेशगामी प्रवाशाला देशांतर्गत टप्प्यातील अशा गोंधळाची झळ पोहोचत नाही, मग त्याच्या हातात तिकिटे दोन असली तरीही.