चित्तविकृती आणि स्त्री-पुरुषभेद : एका गुणोत्तराची चिकित्सा

छिन्नमनस्कता पुरुषांत अधिक आढळते की स्त्रियांत, या प्रश्नाला दीर्घकाळ ‘दोहोंत सारखीच’ असे उत्तर दिले जात असे. २००३ व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन संकलित परीक्षणांनी हे उत्तर बदलले. स्त्रियांतील दर १० नव्या रुग्णांमागे पुरुषांत सुमारे १४ नवे रुग्ण आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तथापि हे गुणोत्तर काय मोजून काढले आहे, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

प्रथम, नव्याने उद्भवणारे रुग्ण आणि विद्यमान रुग्ण या दोन भिन्न गोष्टी होत. विद्यमान रुग्णांची संख्या विकार किती काळ टिकतो व रुग्ण किती काळ जगतो, यांवरही अवलंबून असते. या दुसऱ्या गणनेत स्त्री-पुरुषभेद जवळजवळ दिसत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. मानहाइम येथे हाइन्त्स हेफ्नर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षा सरासरी तीन-चार वर्षे उशिरा सुरू होतो आणि पंचेचाळिशीनंतर त्यांच्यात नव्या रुग्णांचे प्रमाण पुन्हा काहीसे वाढते. ईस्ट्रोजेन हे संप्रेरक रजोनिवृत्तीपर्यंत काही अंशी संरक्षण देत असावे, अशी याची एक उपपत्ती मांडली जाते. ती अद्याप सर्वमान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ साली आरंभिलेल्या दहा देशांच्या अभ्यासात चंदीगडचाही समावेश होता. त्यात १५ ते ५४ या वयोमर्यादेत दोहोंचा एकूण धोका जवळजवळ समान भरला. म्हणजे तरुण वयापुरतीच गणना केली, तर पुरुषांचे आधिक्य फुगते. मर्यादा वाढवावी, तसतसे ते ओसरते.

तिसरी गोष्ट संज्ञेची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. एमिल क्रेपेलिन यांनी या विकारास ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे अकाली येणारा बुद्धिभ्रंश, असे नाव दिले होते. तारुण्य त्या नावातच गृहीत होते. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा योजून वयाचा निर्देश वगळला, आणि त्यांचे पुत्र मानफ्रेड ब्लॉयलर यांनी १९४३ साली चाळिशीनंतर उद्भवणाऱ्या प्रकाराचे वर्णन केले. तरीही जुन्या नावातील गृहीत पुरते लोपले नव्हते. अमेरिकन मनोविकृतिचिकित्सक संघटनेच्या १९८० च्या निदानसंहितेने विकाराचा आरंभ पंचेचाळिशीपूर्वी व्हावा, अशी अट घातली. ती १९८७ मध्ये दूर झाली. मधल्या काळात त्या संहितेनुसार झालेल्या गणनांतून उत्तरवयात आजारी पडणाऱ्या ज्या रुग्ण वगळल्या गेल्या, त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते.

यावरून स्त्री-पुरुषभेद हा केवळ आभास होय, असे मात्र ठरत नाही. तरुण वयातील पुरुषांचे आधिक्य निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत पुनःपुन्हा आढळले आहे. शिवाय चित्तविकृतीचे सर्व प्रकार एकाच नियमाने चालत नाहीत : उद्दीपन-अवसाद चित्तविकृतीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण बरेचसे सारखे असते, तर हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांना होणारी प्रसूत्युत्तर चित्तविकृती या तुलनेत बसतच नाही.

सारांश, एका गुणोत्तराने या प्रश्नाचा निकाल लागत नाही. हा विकार तरुण पुरुषांचा, अशी समजूत रुजली की अठ्ठेचाळीस वर्षांच्या स्त्रीला होणारे भास रजोनिवृत्तीच्या वा संसारतापाच्या खाती टाकले जातात, आणि उपचार लांबतो. व्याख्येतून सुटलेला रुग्ण गणनेतून सुटतो. तोच पुढे उपचारांतूनही सुटण्याचा धोका असतो.