कचऱ्याची वर्गवारी : एक सामाजिक प्रश्न

ओला कचरा एका डब्यात टाकावा, सुका दुसऱ्या डब्यात, एवढाच हा नियम. तो पाळणे ही चांगल्या सवयीची, फार तर आरोग्याची गोष्ट आहे असे मला अनेक वर्षे वाटत होते. शाळेत मुलांना मी तो त्याच अर्थाने शिकवला. हा नियम आपल्या चळवळीच्या मूळ प्रश्नाला जाऊन भिडतो हे मला उशिरा कळले. ते कसे, हे येथे मांडावयाचे आहे.

मी चितेगावला राहतो. पैठण रस्त्यावरचे हे गाव कारभाराने ग्रामपंचायतीचे, पण कारखान्यांमुळे अर्धे शहर झालेले. पूर्वी गावात शेण, राख, पाचोळा उकिरड्यावर जाई आणि वर्षाने खत होऊन शेतात पडे. आज आमच्या घरांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, गोळ्यांची रिकामी पाकिटे, लहान मुलांचे डायपर बाहेर पडतात. यांचे खत होत नाही. म्हणजे ते कोणाला तरी हाताने निवडावेच लागतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी काचेची बरणी फुटली. घाईत तिचे तुकडे मीच भाजीच्या देठांच्या पिशवीत टाकले. सकाळी गाडीवरच्या बाईंनी पिशवी मोकळी केली आणि त्यांचा तळहात चिरला. मी हळद व फडके घेऊन धावलो. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “दारातून बाबासाहेबांचा फोटू दिसतो, सर. या घरचा कचरा म्हणून मी बघून हात घातला न्हाई.” हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

त्यानंतर मी नियम नीट वाचले. केंद्र सरकारने नागरी घनकचऱ्याविषयी पहिले नियम 2000 साली केले आणि 2016 साली ते बदलून अधिक सविस्तर केले. या 2016 च्या नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली आणि त्याचे तीन भाग सांगितले. पहिला ओला : उष्टे, साली, देठे, निर्माल्य. दुसरा सुका : कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, पत्रा, काच. तिसरा घरगुती घातक : रंगाचे डबे, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, सुया, ट्यूबलाइट. पाळीचे पॅड व डायपर नीट गुंडाळून द्यावेत असेही त्यांत होते.

प्रत्येक भागामागे कारण आहे. ओला कचरा हवा लागून कुजला तर त्याचे खत होते. ढिगाखाली हवेवाचून सडला तर त्यातून मिथेन हा पेट घेणारा वायू निघतो आणि खाली काळे पाणी झिरपते. कागद उष्ट्याने भिजला की भंगारवाला त्याला भाव देत नाही, म्हणजे वेचणारीची मजुरी आपल्या स्वयंपाकघरातच बुडते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, आणि ती फुटली की तो श्वासात जातो.

वर्गवारी न केल्यास काय होते हे आपल्या शहराने पाहिले आहे. तेव्हाच्या औरंगाबादचा मिसळलेला कचरा तीसएक वर्षे नारेगावजवळ पडत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये परिसरातील गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक आणि लाठीमार झाला. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी येथे प्रक्रियेच्या जागा ठरल्या. शहराची घाण आपल्या विहिरीत का, हा त्या गावकऱ्यांचा सवाल रास्त होता. पण त्या गदारोळात दुसरा सवाल फारसा कोणी विचारला नाही : ती घाण रोज कोणाच्या हातात?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. साफसफाईचे काम या देशात जातीने वाटले गेले आहे. कचरा वेचणाऱ्यांत दलित स्त्रियांची संख्या मोठी आहे. 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी केली. पण त्याची व्याख्या मुख्यतः अस्वच्छ संडास, उघडी गटारे, मैल्याचे खड्डे, रेल्वेचे रूळ यांच्याभोवती आहे. डायपरमधली विष्ठा भाजीच्या देठांतून वेगळी करणारी बाई त्या व्याख्येत सहजी बसत नाही. आपण कायदा मोडत नाही, पण काम तेच करवून घेतो.

महाडच्या 1927 च्या लढ्यानंतर आपल्या वाडवडिलांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारले, त्यापायी बहिष्कार सोसले. त्यांची नातवंडे आपण शिकलो, नोकरीला लागलो. आता आपल्या दारातली घाण आपल्यातलीच, मागे राहिलेली बाई उचलते आणि आपण तिला नमस्कारही करत नाही. सवर्णांना जाब विचारण्याचा आपला हक्क अबाधित आहे. पण तो विचारताना आपला डबा कसा आहे हेही पाहावे लागेल.

याचा अर्थ दोन डबे ठेवले की जात गेली, असा नाही. वर्गवारीने त्या कामातला सर्वांत अपमानास्पद भाग ज्याचा त्याच्या घरी राहतो. बाकीचा हक्क संघटनेनेच मिळवावा लागतो. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचणाऱ्या स्त्रियांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही आपली सहकारी संस्था काढून घरोघर कचरा गोळा करण्याचे काम घेतले. सुका कचरा विकण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडे ठेवला. वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, त्यांच्या संघटनांना मान्यता द्यावी हे 2016 च्या नियमांतही होते. ते प्रत्यक्षात यावे म्हणून किती गावांत कोणी अर्ज केला, हे आपण कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावे.

आमच्या घरी आता काच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच’ असे ठळक लिहून, वेगळी हातात दिली जाते. पॅड व डायपर कागदात बांधून त्यावर लाल खूण असते. ओल्याचा खड्डा परसात आहे. दिवसाला दहा मिनिटे लागतात. या दहा मिनिटांत मी कोणावर उपकार करत नाही. आजवर दुसऱ्याच्या हातांनी करवून घेतलेले माझे काम मी परत घेतो आहे, इतकेच.