पत्रकारितेची पदवी घ्यायचीय? प्रवेशाआधी हे समजून घ्या

पत्रकारितेला प्रवेश घेतो म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न येतो तो पगाराचा. प्रश्न रास्तच आहे. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार फारसा नसतो. त्यामुळे शिक्षणावर किती खर्च करायचा, याचा विचार प्रवेशाआधीच करायला हवा. सरकारी विद्यापीठाचा पर्याय महत्त्वाचा ठरतो तो इथेच.

कुठे शिकता येतं?

पुण्यात फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांतही असे विभाग आहेत. नोकरी सांभाळून शिकायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

बारावीनंतर की पदवीनंतर?

बारावीनंतर पदवी करता येते. मुंबई विद्यापीठाचा पूर्वीचा ‘बीएमएम’ आता ‘बीएएमएमसी’ या नावाने ओळखला जातो. तो बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतो. त्यामुळे विद्यापीठाचं नाव असलं, तरी कॉलेजची फी वेगळी विचारून घ्या.

दुसरी वाट पदवीनंतरच्या एम.ए.ची. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी साधारणपणे चालते. आधी अर्थशास्त्र, कायदा, शेती किंवा विज्ञान शिकलेल्याला याचा फायदा होतो. बातमी लिहायला काही महिन्यांत शिकता येतं, पण अर्थसंकल्प किंवा न्यायालयाचा निकाल समजून घ्यायला विषयाचा पाया लागतो.

नोकरी कुठे मिळते?

• वृत्तपत्र आणि वेबसाइट : सुरुवात बहुधा प्रशिक्षणार्थी बातमीदार किंवा उपसंपादक म्हणून होते. डेस्कवर इंग्रजी बातमीचा चटकन, शुद्ध मराठीत अनुवाद करावा लागतो. मथळा, मोबाइलवर वाचली जाईल अशी मांडणी आणि छोटा व्हिडिओ ही कामंही त्याच माणसाकडे येतात.

• सरकारी सेवा : माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. त्यासाठी पत्रकारितेची पदवी किंवा पदविका आणि अनुभव मागितला जातो. इथे कागदाला खरी किंमत आहे. मात्र जागा मोजक्या असतात आणि जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही.

• जनसंपर्क : कंपन्या, रुग्णालयं, सामाजिक संस्था आणि जाहिरात एजन्सींना मराठीत नीट लिहिणारी माणसं लागतात.

• अध्यापन : एम.ए.नंतर नेट किंवा सेट द्यावी लागते. पण अनेकांची सुरुवात तासिका तत्त्वावरच होते.

न सांगितली जाणारी बाजू

तालुक्याच्या ठिकाणी अनेक वार्ताहरांना ठरलेला पगार नसतो. बातमीमागे मानधन मिळतं आणि जाहिरातीही आणाव्या लागतात. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याकडेच जाहिरात मागायची वेळ येते. शहरातही कंत्राटी नेमणुका सर्रास आहेत. म्हणूनच मोठं शैक्षणिक कर्ज काढून या क्षेत्रात येणं जोखमीचं आहे. कमी फीत शिकलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं कमी पगारावर काढता येतात. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याला तेवढी मुभा नसते.

प्रवेशाआधी काय विचाराल?

• पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिकेवर किती?
• विभागाचं स्वतःचं वृत्तपत्र, रेडिओ किंवा यूट्यूब चॅनल नियमित चालतं का?
• इंटर्नशिप विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्यानेच शोधायची?
• मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे आहेत?

शेवटचा प्रश्न माजी विद्यार्थ्यांनाच विचारा. माहितीपत्रकात नसलेलं बरंच काही कळेल.

शिकताना काय कराल?

मुलाखतीत गुणपत्रिका पाहिली जाते, पण निवड होते ती कामावर. शिकत असतानाच स्वतःच्या नावाने छापून आलेल्या दहा-बारा बातम्या जमवा. एखादा माहिती अधिकाराचा अर्ज करून त्यातून बातमी काढा. मराठी टायपिंग युनिकोडमध्ये पक्कं करा. पदवीने मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं; नोकरी मिळवून देते ती ही फाइल.