फुकट शाळेचा खर्च : जेझुइट शिक्षणसंस्थांविषयी



आपल्याकडे ख्रिस्ती संस्थेची कुठलीही शाळा दिसली की तिला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायची सवय आहे. कॉन्व्हेंट म्हणजे खरं तर ख्रिस्ती जोगिणींचा मठ. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे लोक, मठात राहणारे नव्हेत आणि त्यांच्यात स्त्रियाही नाहीत. हा कॅथलिक पुरुषांचा संघ आहे. त्याला पोपची मान्यता 1540 साली मिळाली आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत त्याने जगभर शाळा-महाविद्यालयं काढली. ती कुठे कुठे काढली याची यादी आम्ही वाचून दाखवणार नाही. आम्हाला आज एकच गोष्ट तपासायची आहे. या शाळा फी घेत नसत. मग खर्च कोण करत होतं?

हा प्रश्न आमच्या डोक्यात कसा शिरला तेही सांगतो. नोकरीत असताना आम्ही काही वर्षं महाविद्यालयाच्या फी-सवलत समितीवर होतो. ई.बी.सी.च्या फॉर्मांचे गठ्ठे समोर यायचे. एका मुलाने विचारलं, “सर, माझी फी माफ झाली म्हणजे ती कोणी भरली?” आम्ही म्हणालो, “सरकारने.” तो म्हणाला, “सरकारला कोणी दिली?” तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला असा विद्यार्थी भेटला की आनंद व्हायला हवा. आम्हाला त्या दिवशी उत्तर नीट देता आलं नाही, हे मात्र खरं.

आता रोमला जाऊ. 1551 सालच्या फेब्रुवारीत तिथे एका भाड्याच्या घरावर पाटी लागली. व्याकरण, मानव्यविद्या आणि ख्रिस्ती धर्मशिक्षण यांची शाळा, असा तिचा अर्थ होता. आणि पुढे एक शब्द : फुकट. ही शाळा पुढे ‘कोलेजिओ रोमानो’ म्हणून प्रसिद्ध झाली. शहरात फी घेऊन शिकवणारे मास्तर होतेच, ते चिडले. साहजिकच आहे, कुणाच्याही पोटावर पाय आला की तो चिडणारच.

फुकटचा आग्रह संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा. हा मूळचा स्पेनमधला सरदार घराण्यातला माणूस. 1521 मध्ये लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या मन पालटलं. शिकायचं ठरवलं तेव्हा वय तिशी ओलांडलेलं. बार्सिलोनात लहान पोरांच्या शेजारी बसून लॅटिनचं व्याकरण घोकलं. मग पॅरिसला गेले आणि तिथला खर्च भागवायला सुट्टीत दूरदूर भिक्षा मागत फिरले. जे आपल्याला फुकट मिळालं ते फुकट द्यावं, हा बायबलमधला विचार. पण तो या माणसाच्या अंगाला भिक्षेकऱ्याच्या अनुभवातून लागलेला असावा असं आम्हाला वाटतं. संघाच्या घटनेत त्यांनी तो नियम म्हणूनच घातला.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. पैसे घेऊन शिकवणाऱ्याला आपल्या स्मृतिकारांनी ‘भृतकाध्यापक’ म्हटलं आणि खालच्या रांगेत बसवलं. पण गुरुजींच्या घरी चूल कशावर पेटत होती? अग्रहारावर, इनाम जमिनीवर. आणि ती जमीन कसत होतं कोण, हे स्मृतिकार सांगत बसत नाहीत.

इग्नेशियस व्यवहारात पक्के होते. त्यांचा दंडक असा, की शाळा उघडण्याआधी कायमचा निधी उभा राहिला पाहिजे. कुणी राजा, कुणी उमराव, कुणी नगरपालिका यांनी इमारत आणि उत्पन्नाची जमीन लावून द्यायची; शिक्षक त्यावर जगतील आणि मुलांकडून काही घेणार नाहीत. सिसिली बेटावरच्या मेसिना शहराने अशी मागणी केली आणि 1548 मध्ये दहा जेझुइट तिथे पोचले. बाहेरच्या मुलांसाठी मुद्दाम काढलेली ही त्यांची पहिली मोठी शाळा. इग्नेशियस 1556 मध्ये वारले तेव्हा शाळा तिसावर गेल्या होत्या. 1773 पर्यंत त्या सातशेच्या पुढे गेल्या. गावोगावच्या पुढाऱ्यांना अशी शाळा हवीच होती. शहराची शान वाढायची आणि पोरांना शिकायला परगावी पाठवायला लागायचं नाही.

आत काय चालायचं? इथे थोडं थांबू, कारण हा भाग आमच्या आवडीचा आहे. पॅरिसमध्ये इग्नेशियसनी पाहिलेली पद्धत त्यांनी उचलली : मुलांना इयत्तांत विभागायचं, एक पायरी पक्की झाल्याशिवाय वर चढवायचं नाही, आणि ऐकलेलं रोज बोलून दाखवायला लावायचं. 1599 मध्ये या सगळ्याची नियमावली निघाली, तिला थोडक्यात ‘रातिओ स्तुदिओरुम’ म्हणतात. व्याकरणाचे तीन वर्ग, मग साहित्य, मग वक्तृत्व. त्यापुढे ज्यांना झेपेल त्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र. वर्गाचे दोन तट पाडत, एक रोमन आणि एक कार्थेजवाले. प्रत्येकाला समोरच्या तटातला एक जोडीदार-प्रतिस्पर्धी. हा चुकला की त्याने पकडायचं. दर दहा मुलांवर एक मुलगाच नायक, तो पाठांतर ऐकून घेणार. नाटकं बसवली जात. शिक्षकाने छडी स्वतः हातात घ्यायची नाही, असाही नियम होता. अर्थात त्यासाठी वेगळा माणूस नेमण्याची सोय होती, त्यामुळे फार हुरळून जायला नको.

फ्रान्समध्ये चौथ्या हेन्री राजाने ला फ्लेश इथला आपला वाडाच या शाळेसाठी देऊन टाकला. तिथे देकार्त शिकला. पुढे त्याने तिथल्या बहुतेक विद्येवर संशय घेतला, हे तुम्हाला माहीत आहेच. पण 1638 मध्ये कुणी मुलाच्या शिक्षणाबद्दल सल्ला विचारला तेव्हा त्याने याच शाळेचं नाव सुचवलं आणि एक कारण दिलं : तिथे थोरामोठ्यांच्या मुलांना आणि साध्या घरच्या मुलांना जवळपास सारखंच वागवतात. तेव्हाच्या फ्रान्समध्ये हे लहान काम नव्हतं. फी नसल्यामुळे ते शक्य झालं. राहण्या-जेवणाचे पैसे मात्र घेत, ते वेगळं.

आता दुसरी बाजू. फी नव्हती, पण उंबरठा होता. व्याकरणाच्या पहिल्या वर्गात बसायचं तर मुलाला आधीच लिहिता-वाचता यायला हवं. अक्षरओळख करून देणं हे पुण्याचं काम आहे, पण त्याला पुरेशी माणसं आमच्याकडे नाहीत, असं संघाच्या घटनेतच म्हटलं होतं. म्हणजे ज्याच्या घरी मुळाक्षरं गिरवून घेणारं कोणी नाही, तो फुकट शाळेच्या दाराबाहेरच. मुली तर हिशेबातच नव्हत्या.

आणि निधी कुठून यायचा, हा आपला मूळ प्रश्न. युरोपात तो राजाच्या आणि उमरावांच्या खजिन्यातून यायचा, म्हणजे शेवटी कुळांच्या घामातून. गोव्यात काय झालं ते आपल्या जास्त जवळचं आहे. 1540 च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिसवाडीतली देवळं पाडली. त्या देवळांच्या जमिनी होत्या, पुजारी-सेवेकऱ्यांसाठी गावाने लावून दिलेल्या. 1541 मध्ये त्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यासाठी गावकऱ्यांकडून लिहून घेण्यात आलं. स्थानिक मुलांना शिकवून धर्मकार्याला तयार करणारी संस्था त्याच वर्षी सुरू झाली. तिला या उत्पन्नाचा आधार मिळाला. 1542 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले आणि काही वर्षांत ही संस्था जेझुइटांच्या हाती आली. तेच सेंट पॉल्स कॉलेज. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये तिथेच सुरू झाला. आज जुन्या गोव्यात रस्त्याकडेला त्याची एक कमान तेवढी उभी आहे.

त्याच गोव्यात 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला, आपली भाषा शिकला आणि त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठीच्या अभ्यासकाला त्याचा आदर वाटतो, आम्हालाही वाटतो. पण छापखाना आणि पुराण यांची कौतुकं सांगताना देवळाच्या शेताची गोष्ट गाळून टाकावी असं आम्हाला वाटत नाही. उलटंही करू नये. दोन्ही एकाच खात्यावर लिहिलेल्या रकमा आहेत.

1773 मध्ये राजांच्या दबावाखाली पोपने संघच बरखास्त केला. रशियाची कॅथरीन आणि प्रशियाचा फ्रेडरिक हे कॅथलिक नव्हते, तरी त्यांनी हा हुकूम आपल्या राज्यात लगेच लागू होऊ दिला नाही. चालू शाळा कोण घालवणार? 1814 मध्ये संघ पुन्हा उभा राहिला, पण दरम्यान फ्रेंच राज्यक्रांती होऊन गेली होती. जुन्या जमिनी सरकारजमा झाल्या होत्या, देणगी देणारे राजे उरले नव्हते. नियम मात्र तोच : फी घ्यायची नाही. वॉशिंग्टन शहरातली एक शाळा या पेचापायी जेझुइटांना 1827 मध्ये सोडावी लागली. अखेर संघप्रमुख रोथान यांच्या काळात, 1833 मध्ये, पोपने फी घ्यायची सवलत दिली. जवळजवळ तीनशे वर्षांचा नियम सुटला.

इथे कुणी म्हणेल, चला, निदान हिशेब सरळ झाला. पण अमेरिकेतल्या मेरीलँडचं काय झालं ते ऐका. तिथल्या जेझुइटांकडे तंबाखूचे मळे होते, त्यावर गुलाम राबत होते, आणि त्या मळ्यांच्या उत्पन्नावर संघाची कामं चालत. 1789 मध्ये स्थापन झालेलं जॉर्जटाऊन कॉलेज बांधकामांमुळे कर्जात बुडालं. तेव्हा 1838 मध्ये प्रांतप्रमुख थॉमस मुलेडी यांनी 272 माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली, 1,15,000 डॉलरला. बायका-मुलं, म्हातारी माणसं सगळी. रोथान यांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या : कुटुंबं तोडायची नाहीत, त्यांना आपला धर्म पाळता आला पाहिजे, आणि हा पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. कुटुंबं तुटली. आणि पहिल्या हप्त्यातली मोठी रक्कम कॉलेजच्या कर्जातच गेली.

अट घालून पाप सोवळं होत नाही, हे वेगळं सांगायला नको. आम्हाला खटकतं ते आणखी एका ठिकाणी. ज्या संघाने मुलाकडून फी घेणं तीनशे वर्षं कमीपणाचं मानलं, त्याला माणूस विकून कर्ज फेडणं जमलं. नियम शिष्याच्या बाबतीत होता, मळ्यावरच्या माणसाच्या बाबतीत नव्हता. 2017 मध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठाने आणि संघाने जाहीर माफी मागितली. मुलेडींचं नाव असलेल्या इमारतीला आता आयझॅक हॉकिन्स यांचं नाव आहे. विक्रीच्या कागदात पहिलं नाव आयझॅक होतं. त्या 272 जणांच्या वंशजांना प्रवेशात विशेष विचार मिळतो. वंशजांपैकी काहींचं म्हणणं असं, की हे पुरेसं नाही. त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं.

मुंबईत जर्मन जेझुइटांनी 1869 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज काढलं तोवर जमाना सरकारी अनुदानाचा आला होता. 1854 च्या वुडच्या खलित्यात अनुदान मिळवायचं तर मुलांकडून थोडी तरी फी घ्याच, अशी अट होती. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, ही साहेबाची समजूत. म्हणजे इग्नेशियस ज्याला दोष मानत होते तीच आता पात्रता झाली. पुढे आपल्या राज्यात ‘विनाअनुदानित’ हा शब्द आला आणि फीचं काय झालं, ते तुम्ही आम्ही भोगतोच आहोत.

खर्चाचा हा प्रश्न संघातल्या लोकांनाही स्वस्थ बसू देत नसावा, कारण विसाव्या शतकात त्यांनी दोन वेगळ्या वाटा काढून पाहिल्या. शिकागोत मेक्सिकोहून आलेल्या कामगारांच्या वस्तीत 1996 मध्ये ‘क्रिस्तो रे’ शाळा निघाली. तिथले विद्यार्थी महिन्यातून साधारण पाच दिवस एखाद्या कचेरीत काम करतात. चौघांमध्ये मिळून एक नोकरी, आणि तो पगार शाळेच्या खर्चाला. कल्पना हुशारीची आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाने आपलं शिक्षण स्वतः कमवावं, हे आम्हाला पूर्ण पचत नाही. श्रीमंताच्या मुलाला तसं कुणी सांगत नाही.

दुसरी वाट व्हेनेझुएलातली. होसे मारिया वेलाझ हे जेझुइट कराकासमधल्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका गरीब वस्तीत जात असत. तिथे मुलांना बसायला जागा नव्हती. आब्राम रेयेस नावाच्या गवंड्याने आपलं घर देऊ केलं. त्याने आणि त्याच्या बायकोने, पात्रिसियाने, सिमेंट-पाणी डोक्यावरून वाहून ते सात वर्षांत बांधलं होतं. 1955 मध्ये शंभर मुलं त्या घरात जमिनीवर बसली, आणि ‘फे इ आलेग्रिया’ म्हणजे ‘श्रद्धा आणि आनंद’ ही चळवळ सुरू झाली. आज ती वीसहून अधिक देशांत आहे. बऱ्याच ठिकाणी शिक्षकांचे पगार सरकार देतं आणि बाकीचं वस्ती उभं करते. इथे अक्षरओळखही होती आणि मुलीही होत्या.

त्या दोघांना विचारलं असतं की शाळेचा खर्च कोण करतं, तर त्यांना हिशेब मांडावा लागला नसता. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं असतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतले दोन हात आम्हाला दिसले आहेत.